आजचं आणलंस?

५ जानेवारी, सोमवार

आणि पुन्हा बैलच! फोन उचलला की बरा आहेस का, जेवलास का, काही नाही. थेट बैल. मोठा भाऊ म्हणून 'दादा' म्हणायचं, नाहीतर आज 'अनाये' अशी नावानेच हाक मारून फोनवर सुनावणार होतो. वहिनीचं पोट पडलं, बुरेमामुळे. कांद्याच्या वाफ्यांत पाणी चढलं नाही, बुरेमामुळे. विहिरीचा काठ खचला, तोही मीच इथून, आबिजान शहरातून, लाथ मारून पाडला असणार.

का? तर मी सुटलेलो नाही.

करामोकोकडे पढायला ठेवलेला पोरगा गुरूने मोकळा केल्याशिवाय सुटत नाही. आमच्याकडे हे शेळ्यांनाही ठाऊक. पढणं संपलं की बाप बैल देतो, करामोको काहीतरी पुटपुटून पोराच्या ओंजळीत थुंकतो, पोरगा ते तोंडावर फिरवतो. "जा, तुला मोकळं केलं." झालं. माझ्या बापाकडे बैल नव्हता आणि माझ्याकडे दम नव्हता. पढायला होतो त्या मोप्ती शहराच्या धक्क्यावरून सुक्या मासळीच्या लॉरीत बसलो आणि पळालो. तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आता दाढी करतो, तरी म्हणे मी बांधलेलाच.

"पावणेदोन लाखांत चांगला मिळतो," दादा म्हणाला. "करामोकोच्या मुलाचा निरोप आलाय. म्हातारा आजारी आहे. तुला न सोडता गेला तर मग कोणाकडे जाशील सुटायला?"

पावणेदोन लाख फ्रँक. बांको नदीवर लोकांच्या घामट चड्ड्या आपटून.

रविवारी लिहावाचायला शिकवतात ते बेरेते काका म्हणतात रोज चार ओळी लिही, हात बसेल. अक्षरं नवी आहेत, आपल्याच बोलीची, कोणाला दाखवू नकोस, चुकलं तर चुकू दे. घ्या काका. चारच्या किती झाल्या बघा. चूकही दाखवणार नाही.

७ जानेवारी, बुधवार

काही नाही. साबण महागला. डावा अंगठा पुन्हा चिरला.

९ जानेवारी, शुक्रवार

कोंताओ नदीत माझ्या शेजारीच धुतो, पाण्यात रोवलेल्या टायरमधल्या दगडावर कपडे आपटतो. आज नमाजाहून आला तो तोंड सुटलेलाच.

"ए कांदेखाऊ! माझ्या टायरवर बसलास?"

"तुझ्या बापाचं टायर आहे?"

"माझ्या बापाचंच. आणि तूही माझ्या बापाचाच. गुलाम तो गुलाम, टायरवर बसला म्हणून काय मोटार होतो?"

कोंताओ बोझो, मी डोगोन. तो मासे धरणाऱ्यांतला, मी कड्यावर कांदे लावणाऱ्यांतला. आमची थट्टा पिढ्यांपिढ्यांची. त्याने मला गुलाम म्हणायचं, मी त्याला माशाची शेपटी म्हणायचं. राग धरायचा नाही आणि एकमेकांनी मागितलेलं नाही म्हणायचं नाही. तो सांगतो, दुष्काळात त्याच्या पूर्वजाने मांडीचं मांस कापून माझ्या पूर्वजाला खाऊ घातलं. मजुरी हातात आली की आठवण करून देतो. "मांडी परत कर, नाहीतर चहा पाज."

रोज हसतो. आज हसू आलं नाही. गुलाम म्हटल्यावर टायरवरून उठलो.

"काय रे? बैल का?" त्याने विचारलं. साऱ्या नदीला माहीत आहे बैल.

"तू मानतोस? की मी बांधलेला आहे?"

त्याने चादर पिळली, दगडावर टाकली. "मी काय मानतो ते सोड. तू मानतोस का ते बोल. तू तर पुस्तकं वाचायला लागलास ना हल्ली, शेठ."

मी त्याच्या वाटची पण चादर आपटली.

११ जानेवारी, रविवार

बेरेते काकांच्या टपरीत शिकवणी. आजामे बाजारात, मुळ्या-साली-भुकट्या विकतात तिथेच मागे, फळ्यासमोर आम्ही सहा जण. समोर गिऱ्हाईक आलं की काका मध्येच उठून पोटदुखीची साल विकतात आणि परत येऊन विचारतात, "कुठे होतो?" खडूचे पैसे वेगळे घेतात. गिनीचा माणूस, फ्रँक सोडत नाही.

आज त्यांनी मला ते फाटकं पुस्तक दिलं. पुठ्ठा गेलेला, पहिली चार पानं गेलेली. पवित्र वचनांचा अर्थ आपल्या बोलीत. म्हणाले, "तुला पाठ असलेला भाग शोध आणि अर्थ वाच."

पाठ? मला झोपेतून उठवा, म्हणून दाखवीन. लाकडी पाटीवर काजळीच्या शाईने लिहायचं, पहाटे शेकोटीभोवती ओरडत घोकायचं, चुकलं की पाठीवर वेत. पाठ झालं की पाटी धुवायची आणि ते काळं पाणी प्यायचं. पोटात गेलेलं पुसत नाही म्हणे. अर्थ कोणी सांगितला नाही, मी विचारला नाही. वेताला कोण अर्थ विचारतो?

मग उजाडलं की टोमॅटोचा रिकामा डबा, दोरी लावून गळ्यात. मोप्तीभर हिंडायचं. धक्का, मासळीबाजार, बसतळ. उरलंसुरलं अन्न डब्यात, नाणी मुठीत. सूर्य मावळला की करामोकोसमोर रांग. तो हात पुढे करायचा. "आजचं आणलंस?" दिवसाचे दोनशे फ्रँक. कमी पडले तर रात्री पाठीवर वेत.

आज तो भाग सापडला, ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त वेत खाल्ले. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचला.

त्यात मागत फिरणाऱ्याबद्दल लिहिलंय. पोरक्याबद्दल. त्यांच्याशी कसं वागावं याबद्दल.

म्हणजे माझ्याबद्दल. जे मी ओरडत होतो ते माझ्याबद्दल होतं. करामोको ऐकत होता, चूक झाली की मारत होता, आणि ते माझ्याबद्दल होतं.

काका साल विकून परत आले. "कुठे होतो?"

मी पुस्तक मिटलं आणि निघालो.

१२ जानेवारी, सोमवार

प्लाटो भागातल्या वकीलबाईंचा पांढरा सदरा आपटून आपटून काखेत फाटला. दिवसाची मजुरी गेली. सदऱ्यात कोण होतं मला माहीत आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

दादाचा फोन. यावेळी मी तयार होतो. पुस्तकातलं सगळं ओतलं त्याच्यावर. मागणाऱ्याला कसं वागवावं, पोरक्याला कसं वागवावं, विचार तुझ्या करामोकोला, त्याला अर्थ येत होता का नव्हता! कोणी कोणाला बांधत नाही. माणूस आणि त्याचा निर्माता, मध्ये बैल कुठून आला?

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फार शिकलास."

"शिकलो."

"तुझी वहिनी अजून उठून चुलीपर्यंत जात नाही. हे तुझ्या पुस्तकात आहे?"

मी फोन ठेवला. जिंकलो होतो. जिंकल्यासारखं दोन तास वाटलं.

२० जानेवारी, मंगळवार

आज एक गोष्ट कळली. नीट लिहून ठेवतो.

उन्हं उतरली होती. कपडे वाळले होते, गवतावरून गोळा करत होतो. घराघराचं बोचकं वेगळं. कोणाचं काय ते आम्ही खुणा न करता ओळखतो. चांगलं काम झालं होतं आज. काही हरवलं नाही, डाग राहिला नाही. आणि तरी धास्ती आली. दररोज येते. मी म्हणायचो भूक. म्हणायचो साबणाचा वास.

आज नेमका थांबलो. काकांनी रविवारी सांगितलं होतं, "राग आला, भीती आली, की लगेच काही करू नकोस. फक्त बघ कुठे बसलीय." तेव्हा मनात म्हटलं होतं, हे सांगायला खडूचे पैसे? पण थांबलो. आणि बघितलं.

उजवा हात खिशात गेला होता. नाणी चाचपत होता. मी पाठवला नव्हता, आपला आपण गेला. बोटं मोजत होती.

सूर्य झाडांमागे चालला होता. मी रांगेत उभा होतो.

मोप्ती इथून दोन देशांत पसरलेल्या रस्त्याच्या पलीकडे. म्हातारा आजारी, अंथरुणाला खिळलेला. वेत कुठल्या चुलीत जळला कोण जाणे. आणि मी, गडी माणूस, मजुरी खिशात, बांकोच्या काठावर नाणी मोजतोय की आजचे भरले का.

बांधलेला आहेच मी. दादा खोटं नाही बोलत. दोरी दाखवायला चुकला एवढंच.

२१ जानेवारी, बुधवार

आजही. हात गेला. काढून घेतला. पुन्हा गेला.

२५ जानेवारी, रविवार

काकांना सांगितलं. वाटलं शाबास म्हणतील. ते भुकटीच्या पुड्या बांधत होते, मान वर न करता म्हणाले, "बरं. बघितलंस. आता?"

"आता काय? आता सुटायला हवं ना? वाचलं, बघितलं..."

"सुटका अशी मिळाली असती तर मी दुकानात ठेवली नसती? या मुळ्यांशेजारी. पुडी शंभर फ्रँक." मग बोट दाखवून, "तू भावाला पुस्तकाने मारलंस म्हणे."

कोंताओने सांगितलं असणार. मासा कधी तोंड बंद ठेवत नाही.

"मी खरं तेच बोललो."

"तुझा करामोकोही खरं तेच पढवत होता. हातात काय धरून, ते तुला माहीत."

चिडलो. अजून चिडलेलो आहे. काय माणूस आहे! आपण मोठ्या मुश्किलीने एक गाठ दाखवावी तर हा दुसरी दाखवतो. आणि खडूचे पैसे घेतलेच.

२९ जानेवारी, गुरुवार

कोंताओ गावी चाललाय. त्याच्या बहिणीच्या मुलाचं बारसं. त्याचं गाव म्हणजे मोप्तीच, करामोकोच्या दारावरून दोन गल्ल्या.

मी म्हटलं, "जाऊन बघशील?"

"काय?"

"त्याला विचार. म्हण, यालकुये घराण्यातला बुरेमा, जो मासळीच्या लॉरीतून पळाला. त्याला बांधून ठेवलंयस का? एवढंच."

"आणि हो म्हणाला तर?"

आम्हा धोब्यांच्या मंडळाच्या पेटीत माझे पैसे आहेत. तीन वर्षांचे. त्यातून मला स्वतःचा दगड घ्यायचा आहे, नदीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी आधी येतं आणि दुसऱ्यांचा साबण वाहून येत नाही. म्हटलं, "हो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी बैलाचे पाठवीन."

म्हटलं खरं. इतकं वाचून, इतकं बघून ही माझी मजल. एका म्हाताऱ्याच्या 'हो'वर माझे तीन वर्षांचे हात टांगलेले.

कोंताओने थट्टा केली नाही. "तू मागितलंस, मला नाही म्हणता येत नाही," म्हणाला. "तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर हाकलला असता." मग बसतळाकडे जाताना मागे वळून ओरडला, "माझं टायर सांभाळ, गुलामा!"

सांभाळतोय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

फोन नाही. त्याच्या टायरवर कोणाला बसू दिलं नाही. एका नवख्याशी भांडलो.

८ फेब्रुवारी, रविवार

शिकवणीला गेलो नाही. पुस्तक घेऊन नदीवर बसलो. तोच भाग वाचला. यावेळी करामोकोला मनात उभं न करता वाचायचा प्रयत्न केला. दोन ओळींपर्यंत जमलं. तिसऱ्या ओळीला आलाच, वेत घेऊन. मी म्हटलं, बस. बसला. चौथी वाचली.

मागणाऱ्याबद्दल लिहिलंय तर त्यात मागणारा कोण ते लिहिलेलं नाही. वय लिहिलेलं नाही. हे आज दिसलं. याचं काय करायचं कळत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कोंताओचा फोन आला. दुपारी, हात कोपरापर्यंत साबणात. शेजारच्याने फोन कानाला धरला.

जसं बोलला तसं लिहितो.

मी म्हटलं, "भेटला?"

"भेटलो. दारात चटईवर बसवतात त्याला. हाडं राहिलीत फक्त."

"विचारलंस?"

"ऐक आधी. मी संध्याकाळी गेलो. मुलगा होता त्याचा. तो चांगला बोलला, चहा दिला. बैलाचं काढलं मी. तर म्हणतो, मदरशाचं छप्पर पडलंय, जुन्या पोरांकडून जमेल ते जमवतोय. निरोप त्याचाच, बुरेमा. म्हाताऱ्याचा नाही. म्हाताऱ्याने तीन पावसाळे झाले कोणाचं नाव घेतलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गेलंय सगळं डोक्यातून. मुलालाही ओळखत नाही."

मला राग यायला हवा होता छपराचा. आला नाही. मी म्हटलं, "पण तू विचारलंस का?"

कोंताओ हळू आवाजात सांगायला लागला.  

"उन्हं उतरली आणि म्हातारा चुळबुळायला लागला. अंगरख्याचे खिसे चाचपायला लागला. सून म्हणाली, रोजचंच आहे, बघू नका. मला म्हणाला, किती झाले? मी म्हटलं, काय किती? तर म्हणतो, माझे कमी पडलेत. सूर्य चाललाय आणि माझे कमी पडलेत. करामोको मारतील."

"कोण करामोको? तोच तर..."

"त्याचा, बुरेमा. त्याचा करामोको. त्याला मरून पन्नास वर्षं झाली असतील. हा पोरगा झालाय. त्याच्याही गळ्यात डबा होता की कधीतरी." मग म्हणाला, "मी तुझं नाव घेतलं. म्हटलं, बुरेमा यालकुयेला बांधलंयस का? तर माझा हात धरला त्याने. म्हणतो, तू पण मागायला जातोस ना? तुझे किती झाले? मला उसने दे. उद्या देतो."

"मग तू?"

"मी काय? मी उठून आलो. थट्टा सुचेना. मला, कोंताओला!" आणि थोड्या वेळाने, "तू दगड घे रे. वरच्या अंगाचा. बैल-बिल काही नाही."

फोन ठेवला. चादर अर्धी धुतलेली होती ती पूर्ण धुतली.

मोकळं व्हायला हवं होतं. झालं काय, तर लुबाडल्यासारखं वाटलं. नऊ वर्षं एक राग पोसला, खाऊ घातला, वाढवला. आता त्याला न्यायचं कोणाच्या दारात? तिथे एक पोरगा बसलाय चटईवर, खिसे चाचपत. त्याच्या बापाकडे बैल होता का? त्याला कोणी मोकळं केलं? केलं असेलही. ओंजळीत थुंकले असतील, तोंडावर फिरवलं असेल. बैल देऊन सुटला असेल. आणि तरी.

बैल देऊन मीही असाच सुटलो असतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाला मीच फोन केला. वहिनी कशी आहे विचारलं. उठते आता, म्हणाला. कांद्याला भाव नाही.

"आणि बैल?"

"बैल नाही, दादा."

"पुस्तकात नाही म्हणून?"

"नाही. पुस्तक राहू दे. वहिनीच्या औषधाचं सांग, ते मी देतो."

 मग त्याने विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो."

कपडे पोचवून परतताना लक्षात आलं, दिवे लागलेत. सूर्य कधी गेला बघितलंच नाही. हात पाहिले. दोन्ही बोचक्याला धरलेले होते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कोंताओच्या फोनवर पैसे पाठवले. फोनवरून पैसे पाठवून देणारा टपरीवाला हसला, पाठवायचा खर्च रकमेपेक्षा जास्त होता. कोंताओला सांगितलं, नोट देऊ नकोस, नाणी कर. रोज जमणार नाही मला माहीत आहे, पण आज उन्हं उतरायच्या आत जा. करामोकोंच्या समोर बस, हातात मोजून ठेव, एक एक, वाजली पाहिजेत. ते विचारतील कोणाचे. माझं नाव सांगू नकोस. म्हण, तुमचेच आहेत. आजचे भरले, घरी जा.

दोनशे फ्रँक.